काळ्याभोर शाईची कार्डं

आमच्या बेटावर कुणाला घरी प्रिंटर घ्यायचा असला, की तो आधी दुकानात जात नसे, उराबे क्योझोकडे जाई. दुकान समुद्रापलीकडच्या शहरात आणि क्योझो माझ्या शेजारच्या घरात, बंदरावरच्या चढाच्या गल्लीत. सगळा जन्म त्याने बोटीच्या इंजिनघरात काढला. जुनी बोट मोडीत निघाली त्याच वर्षी तोही घरी बसला. हाताला तेल लागेना, म्हणून आधी चिडचिडा झाला आणि मग दिसेल ते उघडून बघायला लागला. घड्याळ झालं, भाताचा कुकर झाला, आणि शेवटी प्रिंटरवर येऊन ठेपला. तिथे त्याचं मन रमलं.

आता प्रिंटरचं आमच्याकडे काम काय, तर वर्षातून एकदा. डिसेंबर लागला की घरोघर नव्या वर्षाची कार्डं छापायची घाई सुरू होते. नाताळच्या सुमाराला टपालात पडली की पोस्टवाले ती जपून ठेवतात आणि एक जानेवारीच्या सकाळी गठ्ठा बांधून दारात आणून देतात. त्यानंतर यंत्र जे फडक्याखाली जातं ते पुढच्या डिसेंबरपर्यंत. म्हणून क्योझोचं म्हणणं असं, की प्रिंटर छापतो कसा ते विचारूच नका. वर्षभर झोपून उठतो का, तेवढं विचारा.

बेटावर तीन कंपन्या चालत. हाकुरो, त्सुबाने आणि मिनोदा. क्योझो त्यांच्याबद्दल असा बोले, जणू तिघी सुना आहेत.

"हाकुरो म्हणजे जुनं डिझेल इंजिन. खोकेल, धूर सोडेल, पण बंदराला आणून लावेल. त्सुबाने म्हणजे लाडावलेली पोर. एक गोष्ट मनाविरुद्ध झाली की दिवसभर तोंड फुगवून बसणार. आणि मिनोदा म्हणजे पाहुणा. पहिल्या वर्षी गोड गोड बोलेल, दुसऱ्या वर्षी ओळखही देणार नाही."

आणि कुठलीही कंपनी घ्या, शेवटी एक उपदेश ठरलेला. "काम झालं की वायर काढायची. इंजिन थांबलं की तेल बंद. हा नियम."

बेटावर सगळे वायर काढत. आम्ही तशीही काढतोच, टीव्हीची काढतो, पंख्याची काढतो. फुकट वीज जाळणाऱ्या घराकडे लोक बरं बघत नाहीत.

माझ्या सुनेने मिनोदा आणला. पांढरा होता, लहान होता, कपाटावर बसत होता, एवढंच तिने पाहिलं. क्योझो दारात उभा राहून खोक्याकडे बघत राहिला आणि मग, कुणी गेल्यावर समजूत घालावी तशा आवाजात मला म्हणाला, "असू दे, किनु-सान. तुमच्या घरून तशी फार कार्डं जातही नाहीत."

पुढे मुलगा-सून शहरात राहायला गेली, मिनोदा माझ्याकडेच राहिला. जाताना सून म्हणाली, "आई, याला हात लावू नका, मी आले की बघीन." मी शाळेत जेमतेम चार अक्षरं शिकलेली, मासे विकून संसार केलेली बाई. मला कोण कशाला हात लावायला सांगतंय. मी त्याच्यावर फडकं टाकलं आणि विसरून गेले. अधूनमधून फडक्याखालून घर्र घर्र आवाज यायचा. मला वाटायचं उंदीर झालेत.

क्योझोची बायको तामिए. तरुणपणी ती पलीकडच्या शहरात बसमध्ये कंडक्टर होती. शिट्टी वाजवून वाजवून आवाज खणखणीत झालेला. लग्न होऊन बेटावर आली तेव्हा इथे बसच नव्हती, तर म्हणाली, "चालेल, आता नवऱ्याला थांबे सांगत जाईन." आणि खरंच सांगायची. "अहो, जेवणाचा थांबा आला, उतरा." मी तिच्याहून मोठी, म्हणून मला नेए म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

तिच्याबरोबरच्या कंडक्टर मुली लग्नं होऊन देशभर पांगल्या. कोण बर्फाच्या मुलखात, कोण संत्र्यांच्या गावी. सगळ्या आता आज्या झालेल्या. वर्षभर एकमेकींना फोन नाही की भेट नाही, पण एक जानेवारीला प्रत्येकीचं कार्ड आलंच पाहिजे. तामिए ते सगळे गठ्ठे मांडून बसायची. "हिचा नवरा अजून जिवंत दिसतोय. हिने केस रंगवलेत. ही फोटोत मांजर मांडीवर घेऊन बसली आहे, म्हणजे मुलगा येत नाही."

तिच्या कार्डावर दर वर्षी दोघांचा फोटो. क्योझो एखाद्या जप्त केलेल्या मालासारखा उभा, ती हसत.

त्या वर्षी उन्हाळ्यात ती जेवेनाशी झाली. शहरातल्या इस्पितळात नेली, उघडून पाहिली, परत शिवली. डॉक्टर फार अदबीने बोलला. तामिएने त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शेवटचा थांबा कुठला ते कळलं. आता घरी जाऊ." बोटीने आणली ती अंथरुणालाच. नर्सबाई येऊन सुई देऊन जायची.

परसातलं पर्सिमनचं झाड नारिंगी फळांनी लगडलं तेव्हा तिने हट्टाने फोटो काढवून घेतला. खुर्चीत बसून, गळ्याभोवती लाल मफलर. तो मीच काढला, माझं बोट आलंय कोपऱ्यात. मग मांडीवर ताट ठेवून ती एकेका कार्डावर पत्ता लिहायला लागली. ब्रशच्या पेनाने, काळ्याभोर शाईत, थोडी आज, थोडी उद्या. फोटोची बाजू डिसेंबरात छापायची होती. शेवटचा पत्ता लिहून झाला त्यानंतर तिच्या हातात पेन काही राहिलं नाही.

मी सूप घेऊन गेले होते तेव्हा मला म्हणाली, "नेए, ज्या वर्षी कार्ड येत नाही त्या वर्षी लोक काय समजतात, ठाऊक आहे ना?"

"कशाला त्या गोष्टी?"

"मी अजून मेलेली नाही. मरेन तेव्हा मरेन. पण त्याच्या आधी त्या यायेकोने मला मारलेलं मला चालणार नाही. ती फार लवकर रडते. माझ्या नावाने तिने अगोदरच उदबत्ती लावली तर मी तिला माफ करणार नाही."

यायेको म्हणजे तिच्याच बसवरची दुसरी कंडक्टर. क्योझो दाराशी उभा राहून ऐकत होता. "कार्डं जाणार," एवढंच म्हणाला.

डिसेंबर लागला आणि एका दुपारी तो एक कागद फडकवत माझ्या स्वयंपाकघरात आला. चेहरा उजळलेला.

"किनु-सान, हाकुरो उठला. म्हणालो नव्हतो मी? बघा."

मी हात पुसून कागद घेतला. क्योझोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया ठरली होती, ती त्याने तामिएसाठी पुढे ढकललेली. त्याला कागदावर काहीतरी उमटलंय एवढंच दिसत होतं. मला दिसत होतं ते असं, की "नव्या वर्षाच्या शुभेच्छा" ही अक्षरं राखाडी, फिकी, पाण्यात धुतल्यासारखी. आणि फोटोतली तामिए, लाल मफलरसकट, राखेच्या रंगाची.

आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरी पैशांचं पाकीट देतात, त्यावर नाव असंच लिहितात. मुद्दाम फिक्या शाईने. शाई उगाळताना डोळ्यांतलं पाणी त्यात पडलं म्हणून ती पातळ झाली, असा त्याचा अर्थ. पोरासोराला कळतं ते. असं कार्ड नव्या वर्षाच्या सकाळी कुणाच्या हातात पडलं तर वाचायच्या आधीच तो हात जोडील.

"काय झालं? बोला की."

"क्योझो-सान, उजेडात या जरा."

"उजेडातच आहे."

"शाई फिकी आहे."

तो हसला. "तुमच्या चष्म्याला तेल लागलंय. तळणाच्या बाया तुम्ही."

मी चष्मा धुतला, पुसला, परत लावला. तो बघत होता. मग मी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "पाकिटासारखी आहे."

त्याने कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि घडी करून खिशात घातला. "हे तामिएला दाखवायचं नाही," म्हणाला.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकत होते. प्रिंटर खोलला. कोमट पाण्यात कापूस बुडवून त्याच्या नळ्या पुसल्या. इस्पितळातून आणलेल्या सुईने शाई ढकलून पाहिली. प्रत्येक वेळी माझ्याकडे कागद, आणि प्रत्येक वेळी मी मान हलवायची. यंत्र साफ करता करता होती नव्हती ती काळी शाई निम्मी गटारात गेली. बरं, पत्ते लिहिलेल्या कार्डावर प्रयोग करायचीही सोय नाही. एक कार्ड फुकट गेलं म्हणजे तामिएच्या हातचा एक पत्ता गेला, आणि तो हात आता परत लिहिणार नव्हता.

मी सुचवलं, की शुभेच्छा हातानेच लिहाव्यात. तामिए आतून म्हणाली, "कोण, हे लिहिणार? यांचं अक्षर पाहिलं तर मी मेल्याची खात्रीच पटेल सगळ्यांना." आणि माझं अक्षर म्हणजे वाळूवरून खेकडा गेलेला. शिवाय हस्ताक्षरात लाल मफलर कुठून येणार. तिला आपलं तोंड दाखवायचं होतं.

शाईची नवी डबी शहरातून मागवली. ती पलीकडच्या धक्क्यापर्यंत आली आणि तिथेच राहिली, कारण समुद्र चढला. दर हिवाळ्यात चढतोच. रोज सकाळी गावातल्या भोंग्यावरून सांगत, लाटांमुळे आज बोट नाही. क्योझो तरी धक्क्यावर जाई, उभा राहून पाण्याला शिव्या घाली आणि परत येई. ज्या पाण्यावर त्याने जन्म काढला त्याला असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग त्याने हाकुरो कंपनीला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. पलीकडे एक पोरगी, आवाजात मध घातलेला.

"आपलं यंत्र इतकी वर्षं आपल्या सेवेत आहे, याबद्दल आम्ही आपले मनापासून आभारी आहोत. मात्र या यंत्राचे सुटे भाग आता तयार होत नाहीत."

"म्हणजे ते मेलं, असं म्हणायचंय का?"

"तसं आम्ही म्हणत नाही."

"मग काय म्हणता?"

"आपण त्याला आता विश्रांती द्यावी, असं सुचवतो."

तामिए अंथरुणातून म्हणाली, "ही त्या डॉक्टरची मुलगी दिसते." आणि हसताना तिला इतकं दुखलं की आम्हाला नर्सबाईला बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी क्योझो लॅपटॉप पिशवीत घालून देवळात गेला. पुजाऱ्यांची बायको सेत्सुको वहिनी, त्यांच्याकडे त्सुबाने. मी सोबत गेले, कारण काळं आहे की फिकं हे सांगायला माझे डोळे लागत. यंत्र लावलं, दिवे लागले. पडद्यावर अक्षरं आली. पिवळी शाई संपली आहे.

"संपू दे," क्योझो म्हणाला, "मला काळी पाहिजे."

"अहो, ती ऐकत नाही," सेत्सुको वहिनी म्हणाल्या. "गेल्या वर्षी निळीसाठी अडून बसली. घरात बाकी सगळं भरलेलं, आणि ही उपाशी."

"काळी भरलेली आहे ना?"

"काठोकाठ."

क्योझोने बटण दाबलं, परत दाबलं, मग तळहाताने यंत्राच्या टाळूवर एक ठेवून दिली. बोटीत असं चालत असेल. त्सुबाने तोंड फुगवून बसली ती बसलीच. तो सामान गोळा करत होता तेव्हा सेत्सुको वहिनींनी मला ओसरीच्या टोकाला नेलं.

"किनु-सान, रागावू नका. पण नाही छापलं तर बरंच नाही का? मधल्यामध्ये तिचं काही झालं, आणि एक तारखेला घरोघर शुभेच्छा पोचल्या, तर केवढं विचित्र. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरातून का कुणी नवं वर्ष चांगलं जावो म्हणतं?"

त्या वाईट बोलत नव्हत्या. सगळी गल्ली हेच बोलत होती, फक्त माझ्यासमोर नाही. मी म्हटलं, "ती अजून आहे ना, वहिनी."

उतारावरून परत येताना क्योझो बर्फात मध्येच थांबला. पिशवी छातीशी धरलेली. "रोज विचारते," तो म्हणाला. "गेली का, म्हणून. आज काय सांगू? मी इंजिनघरात होतो तेव्हा एकदाही बोट मधे बंद पडू दिली नाही. आणि एवढंसं खोकं." त्याने तोंड समुद्राकडे केलं. मी त्याच्या चपलांकडे बघत उभी राहिले. पायमोजे ओले झाले होते, त्याला कळलंही नसावं.

त्या वेळी मला आठवलं, की माझ्या कपाटावर एक प्रिंटर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. खरं सांगायचं तर क्योझोलाही तो ठाऊक होता, पण त्याच्या लेखी मिनोदा म्हणजे प्रिंटरच नव्हता. आणि माझ्या लेखी ते उंदरांचं घर होतं.

"क्योझो-सान, माझा पाहुणा आहे घरी."

"कोण पाहुणा?"

"तुम्हीच नाव ठेवलंत. मिनोदा."

"तो कसला उठतोय. केव्हापासून पडलाय."

"मेलेल्याला अजून मारून काय होणार? बघा तरी."

नातीची जुनी घसरगाडी होती, त्यावर गोधडीत गुंडाळून तो मी ओढत नेला. शेजारचंच घर, पण बर्फ गुडघ्यापर्यंत. समोरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "किनु-सान, कुणाला फिरवताय?" मी म्हटलं, "जावयाला."

तामिएच्या खोलीतच लावला, तिला बघायचं होतं म्हणून. क्योझोने आधी साध्या कागदावर फक्त शुभेच्छांची ओळ छापली. मिनोदा घर्र घर्र करायला लागला, आणि मी म्हटलं, "हाच तो उंदीर."

"कुठला उंदीर?"

"हाच आवाज येतो माझ्याकडे. फडक्याखालून. अधूनमधून."

क्योझोने वळून पाहिलं. "म्हणजे वायर लावलेली असते?"

"सून म्हणाली हात लावू नका. नाही लावला."

कागद बाहेर आला. त्याने तो उचलून न बघताच माझ्याकडे दिला. मी खिडकीजवळ गेले. चष्मा पुसला. परत पुसला.

"सांगा, किनु-सान."

"काळं आहे."

"काळं म्हणजे किती काळं?"

"तव्याच्या बुडासारखं."

तो खाली बसला. यंत्राच्या बाजूलाच, चटईवर. मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाला, "कंपनीचं काही नव्हतं तर. वायर काढायला नको होती. चालू असला की तो आपला आपण नळ्या ओल्या ठेवतो, आणि मी सगळ्या बेटाला वायर काढायला सांगत फिरलो."

"इंजिनवाले," तामिए डोळे मिटूनच म्हणाली, "तुमची शिकवणी पुढच्या थांब्यावर घ्या. आधी छापा."

खऱ्या कार्डाला हात घालायची वेळ आली तेव्हा दोघांनाही धीर होईना. मी म्हटलं, "पहिलं माझं घाला. फाटलं तर मी भिंतीपलीकडेच आहे, तोंडाने शुभेच्छा द्या." घातलं, आणि मिनोदाने ते तिरकं ओढून एका कोपऱ्याला चुरगाळलं. पण छापलं. अक्षरं काळी, मफलर लाल. बाकीची सरळ गेली. एकेक कार्ड क्योझो बाहेर काढी, मला दाखवी, मी "काळं" म्हणे, आणि मग तो ते तामिएच्या डोळ्यांसमोर धरी. अर्ध्या वाटेत तिला झोप लागली. तो तरी धरतच राहिला.

समुद्र एकदाचा उतरला. क्योझोने कार्डं पोस्टाच्या पेटीत टाकली नाहीत. धक्क्यावर जाऊन टपालाच्या पिशवीत पडताना पाहिली, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला.

"गेली?" तामिएने विचारलं.

"गेली."

"कुणा कार्डाला बोट लागली नाही ना?" ती म्हणाली. हा तिचा शेवटचा विनोद. त्यानंतर ती पाणी, इकडे, नको, एवढंच बोलत होती.

वर्ष अजून थोडं उरलं होतं. लोकांनी दारावर नव्या वर्षाच्या गवताच्या माळा बांधल्या होत्या, आमच्या गल्लीत सणाच्या गोळ्यांसाठी उखळात चिकट भात कुटत होते, त्या आवाजात ती गेली. क्योझो बाजूला होता. त्याला वाटलं झोपली.

संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ तोकुइची आला. आल्या आल्या त्याने दारावरची माळ काढली, ते बरोबरच होतं. मग बसला आणि म्हणाला, "कार्डं परत मागव."

"कुठली कार्डं?"

"कुठली म्हणजे? पलीकडच्या पोस्टात पडून आहेत अजून. फोन कर, नावं सांग, ते काढून देतात. मी विचारून आलोय."

"नाही."

"क्योझो, घरात प्रेत आहे. आणि तू लोकांना आनंदाचं वर्ष म्हणणार? उराबे घराण्याचं लोक काय म्हणतील?"

"मी म्हणत नाही. ती म्हणते आहे."

"ती नाही आता."

"लिहिलं तेव्हा होती," क्योझो म्हणाला. "टाकलं तेव्हा होती. पत्ते तिने लिहिलेत, दादा. माझी असती तर मागवली असती. तिची मी कशी मागवू?"

तोकुइची माझ्याकडे वळला. "किनु-सान, तुम्ही वयाने मोठ्या. तुम्ही सांगा याला."

मी पेल्यातला चहा ढवळल्यासारखं केलं, त्यात साखर नसते तरी. "तोकुइची-सान," मी म्हटलं, "आयुष्यभर त्या बाईने लोकांना कुठे उतरायचं ते सांगितलं. आता तुम्ही तिला मधेच उतरवू नका."

तो उठून गेला. स्मशान वर्षअखेरीलाच बंद झालेलं, आणि वर्षाचे पहिले तीन दिवस कुणाला जाळत नाहीत. म्हणून तामिए घरातच राहिली, बर्फाच्या वड्यांत, तोंडावर पांढरा रुमाल.

एक जानेवारीला सकाळी मला माझं कार्ड आलं. भिंतीपलीकडून बोटीने शहरात जाऊन परत माझ्याकडे. कोपरा चुरगळलेला. मी ते पोटाशी खोचून क्योझोकडे गेले, भात आणि लोणचं घेऊन. तो तिच्या उशाशी बसला होता. तेवढ्यात फोन वाजला. त्याने उचलला, आणि आवाज मोठाच होता.

"क्योझो-सान? मी यायेको. नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तामिए कुठे आहे?"

मी भांडं खाली ठेवलं. क्योझोने त्या रुमालाकडे पाहिलं.

"झोपली आहे," तो म्हणाला.

"झोपू दे, झोपू दे. उठवू नका. कार्ड आलं बघा तिचं. लाल मफलर काय शोभतोय. बारीक झाली ना पण? मला काळजी वाटत होती, कुणीतरी काहीबाही सांगितलं होतं. कार्ड पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. आणि छपाई काय सुरेख, काळं अगदी काळं. आमचा मेला प्रिंटर या वर्षी उठलाच नाही, मी सगळी हाताने लिहिली. कुठल्या कंपनीचा आहे तुमचा?"

क्योझोने फोन दुसऱ्या कानाला लावला. मला वाटलं आता सांगेल. मी देवापुढे हात जोडल्यासारखी बसले होते, सांग किंवा नको सांगू, पण लवकर काहीतरी कर.

"मिनोदा," तो म्हणाला.

"मिनोदा? तुम्ही तर नावं ठेवायचात. तामिएने लिहिलं होतं मला एकदा."

"ठेवायचो." तो म्हणाला. "हाकुरोला ताकद आहे, पण एकदा निजला की निजला. त्सुबाने हट्टी. एकीसाठी सगळ्यांना अडवते. मिनोदा कागद तिरका ओढतो, पहिलं कार्ड खराब होतं, ते शेजाऱ्याचं घालायचं." तो बोलतच राहिला. नळ्या कशा सुकतात, कोमट पाणी किती, कापूस कुठला. यायेको "हो का, हो का" करत होती. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र धक्क्यावर उभं राहून सांगावं तसा सरळ. "पण खरं सांगू, यायेको-सान, कंपनी कुठलीही घ्या. वायर काढू नका. जागा ठेवा त्याला. आठवड्यातून एक कागद छापा, काहीही छापा. पण झोपू देऊ नका."

"लक्षात ठेवते. तामिएला सांगा, यायेकोने फोन केला होता."

"सांगतो."

फोन ठेवून तो तिच्याकडे वळला आणि खरंच सांगितलं. "यायेको रडली नाही," म्हणाला.

तीन दिवस झाले, तामिएला नेली. मग त्यानेच एकेकीला फोन केले. यायेको फार रडली म्हणतात.

मिनोदा अजून त्याच्याकडेच आहे, मी मागितला नाही. तामिएच्या खोलीत, वायर लावलेला. डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घ्या म्हणून मी ओरडते, तो पुढच्या बोटीने म्हणतो. दर आठवड्याला एक कागद छापतो आणि ओला ओला माझ्याकडे घेऊन येतो. मी तळण थांबवते, हात पुसते, खिडकीशी जाते.

"सांगा, किनु-सान."

गेल्या खेपेला कडेची एक रेघ जराशी राखाडी दिसली. मी सांगितलं, "काळं आहे. पण शाई मागवून ठेवा, क्योझो-सान. समुद्र चढायच्या आत."